उसनं दुखणं

संमतीपत्राच्या चौथ्या पानावर प्रभाकर मगदूमांचं पेन थांबलं. 'जाणवणारे परिणाम साधारणपणे एका तासात नाहीसे होतात,' असं तिथं छापलं होतं. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवलेल्या माणसाला 'साधारणपणे' हा शब्द खटकणारच.

"साधारणपणे म्हणजे किती जणांचे?" त्यांनी विचारलं.

"आतापर्यंत तीनशे बारा नातेवाईक या खुर्चीत बसले," डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. "एकोणीस जणांना जास्त वेळ लागला. कुणाला दोन दिवस, कुणाला आठवडा."

"पण गेलं सगळ्यांचं?"

"आजवर तरी गेलं."

शालन शेजारच्या खुर्चीत चप्पल काढून बसली होती. गुडघ्याखाली तिनं शाल गुंडाळली होती, बाहेर मे महिन्याचं ऊन असूनही. नवऱ्यानं सही करावी म्हणून ती काही बोलली नाही, आणि करू नये म्हणूनही नाही. मगदूमांनी सही केली.

दोन हजार बत्तीसच्या पुरानंतर सांगलीत घरोघरी ताप आला होता. ताप उतरला तरी सांधे धरून राहायचे. दोन महिन्यांत बाकीची माणसं हिंडूफिरू लागली, शालनचे पाय मात्र बरे झाले नाहीत. गार पाण्यात उभं राहिल्यासारखं तिला व्हायचं. सकाळी तळवे गार पडायचे, दुपारी घोटे, आणि संध्याकाळ होईतो ते गारठलेपण पोटऱ्यांपर्यंत चढून तिथं पिळा भरायचा. नऊ वर्षं झाली होती. मगदूमांनी स्वतःच्या लॅबमध्ये तिच्या बावन्न चाचण्या केल्या, मुंबईला नमुने पाठवले, मणक्याचे आणि नसांचे फोटो काढून आणले. प्रत्येक वेळी रिपोर्ट हातात घेऊन ते आनंदानं घरात शिरायचे. "शालन, नॉर्मल आहे बघ सगळं!" आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा का उतरतो, हे त्यांना कळायचं नाही.

मिरजेच्या या संशोधन केंद्रात ते आले ते तिच्या हट्टामुळे नव्हे. रुग्णासोबत जवळचं एक माणूस हवं, अशी केंद्राची अटच होती.

"काय होणार ते एकदा नीट सांगा," ते डॉक्टरांना म्हणाले.

रेहानांनी टेबलावरचा मोबाईल उचलून दाखवला. "खिशात हा थरथरल्यासारखा वाटतो, हात घालून बघावं तर तो घरी राहिलेला असतो. झालंय असं कधी?"

"झालंय की."

"ती थरथर खोटी नव्हती. तुम्हाला ती खरोखर जाणवली. पण ती खिशातून मेंदूकडे गेली नव्हती, मेंदूकडून खिशाकडे आली होती. मेंदू शरीराची वाट बघत बसत नाही. काय जाणवणार याचा तो आधीच अंदाज बांधतो आणि आपल्याला जाणवतो तो बराचसा हा अंदाजच. खालून निरोप येतात, ते फक्त दुरुस्तीपुरते. ताप आला तेव्हा वहिनींचे पाय खरंच दुखत होते, मेंदूनं ते बरोबर नोंदवलं. नंतर पाय बरे झाले. 'इथं आता काही नाही,' असा निरोप रोज वर जातो, पण अंदाज इतका पक्का बसलाय की तो निरोप कुणी मनावर घेत नाही."

"म्हणजे मनाचंच आहे."

"सगळंच दुखणं तिथं तयार होतं, मगदूमसाहेब. उद्या तुमचा हात मोडला तर तेही. मला लोक विचारतात, हे कशानं सुरू झालं? त्याचं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. ताप, पडणं, एखादं ऑपरेशन. खरा प्रश्न आहे तो हे का थांबलं नाही, हा."

यंत्र दिसायला साधं होतं. दोन खुर्च्या, दोन शिरस्त्राणं. एक शिरस्त्राण शालनच्या मेंदूतला तो अंदाज सूक्ष्म चुंबकीय लहरींवरून वाचणार होतं. दुसरं, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या नेमक्या झोतांनी, तोच अंदाज मगदूमांच्या मेंदूत दहा मिनिटांपुरता बसवणार होतं. कागदोपत्री त्याचं नाव अनुवेदक होतं. केंद्रातल्या बायका त्याला उसनं दुखणं म्हणायच्या.

पहिली दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग तळव्यांना गार लागलं, ओल्या फरशीवर उभं राहावं तसं. मगदूमांना गंमत वाटली. गारवा घोट्यांवर आला आणि जड झाला. पाचव्या मिनिटाला पोटऱ्यांत पिळा भरला. त्यांनी पाय लांब केले, जवळ घेतले, एकावर एक टाकले. कसंही ठेवलं तरी ते तेवढंच राहिलं. दुखणं सोसण्यापलीकडचं नव्हतं, पण ते क्षणभरही सुटत नव्हतं, आणि शेजारच्या खोलीत तान्हं मूल रडत असावं तसं सगळं चित्त तिकडेच ओढलं जात होतं. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हेसुद्धा त्यांना वाचता येईना.

शिरस्त्राण काढल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. "हे रोज असतं?"

"आज कमीच आहे," शालन म्हणाली.

गाडीतून परतताना विश्रामबागच्या चौकात त्यांनी तिचा हात धरला. शालन खिडकीकडे तोंड करून रडायला लागली, आणि घर येईपर्यंत रडत राहिली.

त्यानंतर तिला उतार पडू लागला. आठवड्यातून तीनदा ती मिरजेला जायची. तिथं यंत्र तो पक्का अंदाज हलक्या हातानं सैल करायचं, आणि मग तिला अंगणात चालवायचे. महिन्याभरात शाल सुटली. दीड महिन्यानं ती जिना चढून गच्चीवर गेली आणि तिथूनच हाक मारून म्हणाली, "अहो, वर या, ऊन पडलंय, कपडे वाळत घालायचेत."

रेहानांच्या मते यात नवल नव्हतं. ज्यांच्या घरचं माणूस खुर्चीत बसून गेलं ते रुग्ण लवकर सुधारत होते. "विश्वास ठेवणं हे काही औषध नव्हे," त्या म्हणाल्या. "पण दुखतंय हे रोज सिद्ध करायचं असेल तर रोज त्याच्याकडे बघावं लागतं. आणि जिकडे बघाल ते मेंदू पक्कं करत जातो. आता वहिनींचं ते काम सुटलं."

मगदूमांनी मान डोलावली. त्या वेळी त्यांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत गार पडले होते.

ते तिसऱ्या दिवशी आलं होतं. पहिल्या दिवशी तासाभरात सगळं ओसरलं आणि दुसरा दिवस स्वच्छ गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर वाकलेले असताना, तळव्यांना पाणी लागलं. त्यांनी दचकून खाली पाहिलं. फरशी कोरडी होती. त्यांनी बूट काढले, मोजे चाचपले, तेही कोरडे होते. पाणी हळूहळू वर चढत होतं.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. मगदूमांनी स्वतःचं रक्त काढलं. साखर, थायरॉइड, जीवनसत्त्वं, सांध्यांच्या चाचण्या, सगळं रांगेनं लावलं. प्रिंटरमधून कागद बाहेर आला आणि उजव्या बाजूच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. नॉर्मल. तो कागद हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. एखादा तरी आकडा चुकीचा निघावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. आजवर या लॅबमधून हसत हसत ज्यांना असे कागद दिले, ती माणसं त्यांना एकेक करून आठवू लागली.

शेवटी ते एकटेच मिरजेला गेले. रेहानांनी त्यांना तपासलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. शालनचा पहिल्या दिवशीचा आलेख आणि त्यांचा आजचा आलेख एकावर एक ठेवले होते. दोन रेघा वेगळ्या काढताच येत नव्हत्या.

"तीनशे तेरावे तुम्ही," रेहाना हळू आवाजात म्हणाल्या. "असं होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. चूक आमची आहे. यंत्र आजपासून बंद ठेवते मी, फक्त ज्यांचे उपचार अर्धे झालेत त्यांच्यापुरतं चालवीन."

"माझ्यातच का राहिलं?"

"खात्रीनं नाही सांगता येत. नऊ वर्षं तुम्ही त्या पायांकडे बघत होता, तुमच्या पद्धतीनं. जागा तयार असावी."

"काढता येईल?"

"वहिनींना शिकवतोय तसं तुम्हालाही शिकवता येईल, पण तो अंदाज तुमच्या शरीरातून उपजलेला नाही. त्याचं मूळ तुमच्यात सापडत नाही, त्यामुळं सैल कुठून करायचा ते यंत्राला कळत नाही. एक मार्ग आहे. वहिनींनी पुन्हा इथं बसायचं, ते दुखणं आठवून जागं करायचं आणि दहा मिनिटं धरून ठेवायचं. मूळ समोर असेल तर त्याच्या उलट लहर तुम्हाला देता येईल."

"आणि तिचं परत उठलं तर?"

"उठू शकतं."

"तिला यातलं काही सांगायचं नाही," मगदूम म्हणाले.

पण शालनला सांगावं लागलंच नाही. एके दिवशी दुपारी ती दारात धान्य निवडत बसली होती. मगदूम लॅबमधून आले, उंबऱ्यापाशी थांबले आणि आत टाकायचं पाऊल त्यांनी गरजेपेक्षा जास्त उचललं. पाण्यातून चालणारा माणूस उचलतो तसं. शालनच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला विचारताय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवसापासूनचं सांगितलं, स्वतःचे रिपोर्ट सांगितले, आणि विचारल्यावर तो एक मार्गही सांगितला. शालन ऐकत राहिली. तिचा चेहरा नेहमी भांडणात व्हायचा तसा झाला नव्हता. तो अगदी शांत होता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"बेडगच्या लग्नात तुमच्या मामेबहिणीचं पोर विहिरीच्या कठड्यावर चढलं होतं, आठवतं?" ती म्हणाली. "मी धावत जाऊन त्याला उचललं. घरी आल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

मगदूमांना आठवत नव्हतं.

"'आज बरी धावलीस की,' असं म्हणालात. हसून म्हणालात. त्या दिवसापासून मी तुमच्यासमोर भरभर चालले नाही. बऱ्या दिवशीसुद्धा नाही. असायचे ओ, मधूनमधून चांगले दिवस असायचे. पण चांगला दिवस मला परवडायचा नाही. एक दिवस बरी दिसले तर बाकीचे तीनशे चौसष्ट खोटे पडले असते. मग मी बऱ्या दिवशीही पाय ओढायची, आणि ओढता ओढता ते खरंच दुखायला लागायचे."

"शालन, मी—"

"मला ऐकू द्या माझंच. कधी बोलले नाही मी हे." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी त्या खुर्चीत बसणार नाही. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. मला भीती वाटते. मी आत्ता कुठं बाहेर आलेय, परत नाही मी त्या पाण्यात उतरणार."

"मीही तेच म्हणालो डॉक्टरांना."

"म्हणाला असाल. पण मला न विचारता म्हणालात."

त्यानंतर जुलै आणि ऑगस्ट गेले. घरात एकमेकांशी ते नीट बोलत होते, पण पायांचा विषय कुणी काढत नव्हतं. मगदूमांनी एका नावाजलेल्या न्यूरॉलॉजिस्ट मित्राला दाखवलं. तो त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पभ्या, कामातून निवृत्त हो, आपोआप जातंय बघ." लॅबच्या जिन्यावर ते कठडा धरू लागले. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई थांबून विचारायच्या, "काय झालंय नक्की?" आणि मगदूमांकडे सांगायला आजाराचं नाव नव्हतं. एकदा तर त्यांनी "सायटिका" असं ठोकून दिलं. मग तीन दिवस ती थाप निभावण्यासाठी ते कंबरेवर हात ठेवून चालले, आणि चौथ्या दिवशी कंबरही दुखू लागली.

गणपतीत मुलगी, अक्षता, पुण्याहून चार दिवसांसाठी आली. आईला झपझप चालताना बघून ती हरखली. वडिलांचं मात्र तिला काही कळेना.

"पण पप्पा, रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आहेत ना?" ती काळजीनंच म्हणाली. "मग आणखी काय बघायचं राहिलं?"



विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्यांना जाग आली तेव्हा पाय मोकळे होते. तळव्यांखाली फरशी नुसती फरशीसारखी लागत होती. अंघोळ झाली, चहा झाला, दहा वाजले, तरी पाणी आलं नाही. त्यांना गावभर फिरून यावंसं वाटलं. तेवढ्यात अक्षता हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "पप्पा, फुलं आणायला येताय?" मगदूम उठले. आणि दारापर्यंत जाताना त्यांनी डावा पाय किंचित ओढला. मग भिंतीला हात लावला.

त्यांनी ते ठरवून केलं नव्हतं. पाऊल पडून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते जागीच थिजले. मान वळवली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात शालन उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

दुपारी दोन वाजेपर्यंत त्यांच्या पोटऱ्यांत पिळा भरला होता.

अक्षता गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालन साडी नेसून तयार झाली आणि म्हणाली, "चला. मिरजेला जायचंय."

"तू नको म्हणाली होतीस."

"नुसतं दुखणं असतं तर मी नकोच म्हणाले असते. पण परवा तुम्ही बरे असून लंगडलात. त्यातून माणूस एकटा बाहेर येत नाही. मला माहीत आहे."

केंद्रात रेहानांनी दोघांनाही पुन्हा पुन्हा विचारलं, पुन्हा सह्या घेतल्या. मग शालन खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटले. दुखणं लगेच येईना. रेहाना तिला हलक्या आवाजात आठवण देत होत्या: तळवे, ओली फरशी, घोटे. चौथ्या मिनिटाला पडद्यावरची सपाट रेघ हलली. समोरच्या खुर्चीत मगदूमांना वाटलं, आपल्या पायांतलं पाणी कुणीतरी खालून ओढून घेतंय. डाव्या पोटरीतला पिळा सुटला. डावा घोटा सुटला. किती महिन्यांनी ते पाऊल त्यांना स्वतःचं वाटलं.

मग त्यांनी शालनकडे पाहिलं. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता. पायाची बोटं आत वळली होती, आणि तिचा हात शाल शोधावी तसा गुडघ्यावर चाचपत होता. सहा मिनिटं झाली होती.

"थांबवा," ते म्हणाले.

"चार मिनिटं राहिलीत," रेहाना म्हणाल्या. "अर्धवट राहिलं तर पुन्हा करता येणार नाही. दुसऱ्यांदा त्यांना यात घालणार नाही मी."

"थांबवा म्हणतो ना!"

त्यांनी स्वतःच शिरस्त्राण उपसून काढलं. यंत्र थांबलं. शालननं डोळे उघडले, ते भरले होते. "का ओ? मी धरलं होतं की."

"बास झालं तेवढं."

तिचं पूर्ण ओसरायला अकरा दिवस लागले. त्यातल्या सहाव्या दिवशी ती आता पुन्हा नऊ वर्षं मागे जाते की काय असं वाटलं होतं. मगदूम तिच्या उशाशी बसून राहिले. त्यांनी तिला काही विचारलं नाही आणि काही मोजलं नाही. अकराव्या दिवशी ती उठून अंगणात गेली. मगदूमांचा डावा पाय कायमचा मोकळा झाला. उजवा राहिला. कधी दोन दिवस गप्प असायचा, कधी आठवडाभर सोडायचा नाही.

डिसेंबरात एका संध्याकाळी दोघं कृष्णेच्या घाटावर गेले. नदी खाली सरकली होती आणि पायऱ्यांवर फारसं कुणी नव्हतं. वरच्या पायरीवर शालन थांबली.

"आज कसं आहे?"

मगदूमांनी आधी उजव्या पायाकडे पाहिलं. "आज नाहीये," ते म्हणाले, आणि गुन्हा कबूल केल्यासारखे खाली बघू लागले.

"मग जा की खाली. भरभर जा."

"आणि उद्या आलं तर?"

"येईल. उद्या आलं तर उद्या दुखतंय म्हणा. आजचं मी उद्या काढणार नाही."

ते एक पायरी उतरले. मग दुसरी. पाय हलका होता, तरी अंगातल्या कुठल्यातरी शिरेला तो आवरून धरायचा होता. दहाव्या पायरीवर त्यांना राहवलं नाही. आपलं चालणं कसं दिसतंय, वरून कुणी बघतंय का, हे पाहायला त्यांनी मान वळवली.

शालन घाटाकडे पाठ करून उभी होती. खाली काय होतंय ते तिला दिसू नये, अशी. मगदूम क्षणभर तिच्या पाठीकडे बघत राहिले, आणि मग धावत खाली गेले.